अंत्यविधी आणि ज्ञातीचा खांदा

मृत्यू एकट्याचा असला, तरी अंत्यविधी आपल्याकडे ज्ञातीचा मानला गेला. घरात कोणी निवर्तले की तिरडीचे बांबू, गोवऱ्या, मडके यांची तजवीज भाऊबंद करीत, आणि सुतकाच्या घरी अन्न बाहेरून येई. ही माया खरी होती. परंतु तिच्याच पोटी ज्ञातीची सर्वांत कठोर शिक्षाही दडलेली होती. वाळीत पडलेल्याचे लग्नकार्य पुढे ढकलता येते. प्रेत थांबत नाही. ‘खांद्याला कोण येईल?’ या एका प्रश्नाने भलेभले सुधारक मुकाट्याने प्रायश्चित्तास बसत. आपल्या ज्ञातीने हे शस्त्र कधी उपसलेच नाही, असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखकास होत नाही.

ही भीती काहींनी झुगारली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव फुले वारले. दत्तक पुत्र यशवंत याने टिटवे धरू नये, असा हट्ट भाऊबंदांनी धरला. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले व त्या प्रेतयात्रेच्या अग्रभागी चालल्या. स्त्रीने स्मशानात जाऊ नये असा दंडक असलेल्या त्या काळी हे घडले! गोपाळ गणेश आगरकरांची तर सनातन्यांनी ते जिवंत असतानाच प्रेतयात्रा काढली होती. १८९५ साली ते गेले, तेव्हा स्वतःच्या दहनाचा खर्च त्यांनी पुडीत बांधून ठेवलेला आढळला.

कायदा फार मागाहून आला. १९४९ चा मुंबई राज्याचा बहिष्कारप्रतिबंधक कायदा दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द ठरविला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा. तो २०१७ पासून अमलात आला. अंत्यविधीचा हक्क नाकारणाऱ्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

दरम्यान शहरांतून खांदाच आखूड झाला. जिन्यापासून शववाहिकेपर्यंत चार पावले, पुढे विद्युतदाहिनी. कित्येक घरी दहा दिवसांचे सुतक तिसऱ्या दिवशीच आटोपते. मग २०२० ची महामारी आली. पोटच्या मुलांनाही जवळ जाता येईना, तेव्हा ठिकठिकाणी पालिकेच्या कामगारांनी प्रेते उचलली आणि अग्नी दिला. त्यांची ज्ञाती त्या दिवशी कोणी विचारली नाही. आपल्या स्मरणिकांत त्या वर्षीच्या मृतांना वाहिलेल्या श्रद्धांजलीची पाने पुष्कळ आहेत. या कामगारांचा उल्लेख मात्र त्यांत शोधूनही सापडत नाही.