कुलूप उघडण्याची विद्या व कुलूपनिर्मिती

कुलपांचा इतिहास बहुधा कारखान्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. वस्तुतः तो चावीवाचून कुलूप उघडू पाहणाऱ्यांचाही इतिहास होय. ‘मृच्छकटिका’तील शर्विलक भिंतीला भगदाड पाडतो, मराठीतील ‘घरफोडी’ हा शब्दही तेच सुचवितो. कुलूपच उघडू पाहणाऱ्या नवशिक्याचा मार्ग निराळा असतो. लीव्हरच्या कुलपात प्रत्येक पट्टी ठरावीक उंचीवर आली तरच खटका सरकतो. खटक्यावर हलका ताण ठेवून कोणती पट्टी अडते हे बोटांनी ओळखणे, हा या विद्येचा पहिला धडा आहे.

१८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वर्षी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चब यांचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. ब्रामा यांच्या कुलपाला ५१ तास लागले. अशा ज्ञानाने चोरांचे फावेल, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. चोरांना ते आधीच अवगत असते, हे हॉब्जचे उत्तर अधिक सयुक्तिक वाटते. दोष उघड झाल्याखेरीज कारागीर तो दूर करीत नाही.

मुंबईत वकिली सोडलेल्या आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबाग येथे कुलपे बनविण्यास आरंभ केला व पुढे स्प्रिंगविरहित कुलूप सिद्ध केले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी (१९५१-५२) त्यांच्या कंपनीच्या विक्रोळी कारखान्यात लाखो मतपेट्या तयार झाल्या. प्रत्येकीला बाहेरून कुलूप लावणे खर्चिक होते. म्हणून पेटीच्या आतच बंद होणारी योजना करण्यात आली.