नियमन कोणाचे?

शब्दांना इतिहास असतो, हे आम्ही वर्गात वारंवार सांगतो. पण ‘संततिनियमन’ या शब्दाचा इतिहास सांगायला मात्र आम्ही कचरतो. म्हणून हे टिपण.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे. १९२५ मध्ये कर्व्यांची प्राध्यापकी गेली; १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांच्या लेखी या नियमनाची कर्ती स्त्री होती. मूल केव्हा व्हावे, मुळात व्हावे की नाही, हे तिने ठरवावे आणि गर्भधारणेच्या भयावाचून तिला कामसुख मिळावे, अशी त्यांची भूमिका होती. संततिनियमनाच्या सोयी सरकारने पुरवाव्यात, हा डॉ. आंबेडकरांच्या पक्षाने मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने १९३८ साली फेटाळला.

१९५२ मध्ये केंद्र सरकारने हे कार्य अंगावर घेतले. पण आता शब्द होता ‘कुटुंबनियोजन’. व्यक्तीच्या जागी कुटुंब आले, आणि १९६६ पासून इच्छेच्या जागी उद्दिष्टाचा आकडा. त्या आकड्याने १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या करविल्या. १९७७ मध्ये खात्याचे नाव ‘कुटुंबकल्याण’ झाले. नाव बदलले, भार मात्र बाईकडे सरकला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आढळले.

उद्दिष्टे १९९६ मध्ये अधिकृतपणे मागे घेतली गेली. नसबंदीची शिबिरे थांबवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. २०१७ पासून निरोध, तांबी व नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळी सरकारी सेवेत विनामूल्य आली. कागदावर निवड विस्तारली. परंतु दर तीन महिन्यांनी घ्यावयाच्या ‘अंतरा’मुळे पाळी अनियमित होऊ शकते, हे आधी कोणी समजावलेच नाही, तर घाबरलेली बाई दुसऱ्या इंजेक्शनला येईल कशाला? साधन हाती देणे वेगळे आणि निवड हाती देणे वेगळे.

आरोग्यसेविकेच्या तोंडी ‘पाळणा लांबवणे’ असा साधा मराठी प्रयोग असतो. या क्रियापदाचा कर्ता कोण, हा आम्हांला केवळ व्याकरणाचा प्रश्न वाटत नाही. कर्व्यांनी शंभर वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न तोच होता, आणि तो वर्गात विचारण्याची जबाबदारी आता आमची आहे.