गलोलीचे रबर

गलोल हे गरिबाच्या पोराचे हत्यार. पेरूचे किंवा बाभळीचे बेचके, सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या दोन पट्ट्या आणि दगड धरायला जुन्या चपलेच्या कातड्याचा तुकडा. पैसा लागत नाही. आमच्या वस्तीत ती जवळजवळ प्रत्येक पोराच्या कमरेला असे. शस्त्रांच्या इतिहासात मात्र तिला जागा नाही. तलवारीला नाव असते, वंशावळ असते. गलोलीला ते भाग्य नाही. म्हणून तिचा इतिहास मांडावासा वाटतो.

गलोल हा शब्द फारसीतून आला, आणि तो आजच्या गलोलीहून जुना आहे. मोगल काळातली गुलेल म्हणजे मातीच्या गोळ्या मारणारे धनुष्य. त्याहून कितीतरी जुनी गोफण. भूमध्य समुद्रातल्या बालेआरिक बेटांवरचे गोफणवाले कार्थेजच्या सैन्यात भाडोत्री शिपाई होते. आपल्याकडे ज्वारी राखणारा माळ्यावर उभा राहून तीच गोफण फिरवतो. गोफण जणू हाताची लांबी वाढवून दगडाला वेग देते; गलोल ताण साठवून देते. हात सावकाश ओढतो, रबर तीच शक्ती क्षणार्धात परत करते. तेव्हा टिकाऊ रबर येईपर्यंत आजची गलोल शक्यच नव्हती.

रबर हा युरोपचा शोध नव्हे. मेक्सिकोतले मूलनिवासी सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी झाडाच्या चिकापासून चेंडू बनवीत. पण कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होई. 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने ते गंधकाबरोबर तापवून टिकाऊ केले, 1844 साली पेटंट मिळवले आणि 1860 साली तो कर्जात मेला. मी शिक्षक. ही गोष्ट मी वर्गात कैक वर्षे चिकाटीचा धडा म्हणून सांगितली आणि तिथेच थांबलो. याचा आज मला खेद वाटतो. हे रबर काढले कुणी, हा पुढचा प्रश्न मी कधी विचारलाच नाही.

1888 साली डनलॉपने हवेचा टायर काढला आणि रबराची मागणी भडकली. काँगो तेव्हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खाजगी मालमत्ता होता. 1885 ते 1908 अशी ती मालकी चालली. गावागावाला रबराचा वाटा ठरलेला. तो भरला नाही तर बायका ओलीस, पाठीवर चाबूक, छातीत गोळी. काडतूस वाया घालवले नाही याचा पुरावा म्हणून शिपाई मेलेल्याचा हात कापून आणीत; जिवंत माणसांचेही हात कापले गेले. 1904 साली रॉजर केसमेंटचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा हे सरकारी कागदावर आले.

दुसरी वाट आपल्या जवळून जाते. 1876 साली हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे 70,000 बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. तिथली रोपे सिलोन आणि मलायात पोचली. मलायातल्या मळ्यांवर चीक काढायला तामिळ मजूर नेण्यात आले. त्यांत अस्पृश्य जातींची माणसे मोठ्या संख्येने होती. 1910 साली तिथली करारबद्ध मजुरी बंद झाली, पण कंगाणी म्हणजे मुकादम गावाकडून माणसे आणीतच राहिले. गावच्या जमीनदाराच्या तावडीतून सुटलेले कितीतरी जण तिथे उचलीच्या कर्जात अडकले.

1948 साली कॅलिफोर्नियात दोन तरुणांनी लाकडी गलोली विकण्यासाठी व्हॅम-ओ ही कंपनी काढली. गलोल बाजारात गेली, खेळाचे सामान झाली.

चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र नाकारले, म्हणून त्यांना बंड करता आले नाही, हे बाबासाहेबांनी 1936 साली जातिव्यवस्थेच्या निर्मूलनावरील आपल्या भाषणात मांडले. शस्त्राबरोबर विद्याही नाकारली गेली होती, हे त्यांनी तिथेच सांगितले आहे. आपल्या कवितेत गोफण आणि दगड विद्रोहाची प्रतीके झाली, ते योग्यच झाले. पण हातातल्या वस्तूमागचे हात ओळखले नाहीत, तर प्रतीक पोकळ राहते.

आता मी वर्गात गलोल टेबलावर ठेवतो. तिचे कातडे कुणी कमावले, हे आमच्या मुलांना सांगावे लागत नाही. रबर कुणी काढले, हे सांगावे लागते.