कामाआधी दाम मागणारे पत्र



बैल विकत घ्यायचा झाला तर आपण त्याचे दात पाहतो, दोन पावले चालवून पाहतो, विकणारा कोणत्या गावचा हेही विचारून घेतो. मग दूरदेशीच्या अनोळखी माणसाने पत्राने कळविले, की ‘तुम्हांला घरबसल्या काम देतो’, म्हणजे आपली ही चौकस बुद्धी कोठे जाते? आज त्याच गोष्टीचा थोडा इतिहास पाहू.

अलीकडे आपल्या खेड्यापाड्यांतूनही भाषांतराचे काम करणारी मंडळी आहेत. कोणी बी.ए. झालेली मुलगी असते, कोणी निवृत्त शिक्षक. औषधाचे माहितीपत्रक, यंत्राच्या सूचना, कोर्टाचा कागद असे काहीबाही इंग्रजीतून मराठीत करावयाचे आणि शब्दामागे ठरलेला दर घ्यावयाचा. काम येते ते बहुधा ई-मेलने. देणाऱ्याचे तोंड दिसत नाही, घेणाऱ्याचेही नाही. नेमक्या याच फटीतून लबाड शिरतो.

पुष्कळांना वाटते, ही लबाडी संगणकाबरोबर जन्माला आली. तसे नव्हे. तिची वंशावळ दोनशे वर्षांची तरी आहे.

फ्रान्समध्ये विदोक नावाचा एक गृहस्थ होऊन गेला (१७७५ ते १८५७). आधी हा स्वतःच गुन्हेगार होता आणि पुढे पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख झाला. तुरुंग त्याने आतून पाहिलेला. तुरुंगातले कैदी बाहेरच्या श्रीमंतांना कशी पत्रे लिहीत, ते त्याने नोंदवून ठेवले आहे. पत्राचा मजकूर साधारण असा असे : मी एका सरदाराचा नोकर. राज्यक्रांतीच्या धामधुमीत पळताना आम्ही सोन्याहिऱ्यांची पेटी पाण्यात टाकली. ती काढायला परत आलो, तो मला पकडले. थोडी रक्कम पाठवाल तर सुटेन आणि पेटीची जागा दाखवीन. विदोक सांगतो, अशी शंभर पत्रे गेली तर वीसांना उत्तर येई. वीस! एवढी उगवण असेल तर पेरणारा थांबेल कशाला?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेच पत्र नवा अंगरखा घालून इंग्लंड-अमेरिकेत हिंडू लागले. आता सरदाराच्या नोकराच्या जागी स्पेनच्या तुरुंगातला एक श्रीमंत कैदी आला. त्याचे धन कोठेतरी लपविलेले. ते सोडवायला थोडा खर्च हवा. आणि गोष्ट कोणाजवळ बोलायची नाही. १८९८ साली न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राने जेव्हा लोकांना सावध केले, तेव्हाच ही युक्ती जुनी म्हणून पोलिसांच्या परिचयाची होती.

पुढे १९८० नंतरच्या दशकात नायजेरियातून अशी पत्रे सुटू लागली. आधी टपालाने, मग फॅक्सने, मग ई-मेलने. तेलाचे भाव पडले होते, शिकलेल्यांना काम नव्हते. पत्रात तेल महामंडळाचा अधिकारी लिही, की कोट्यवधी डॉलर अडकून पडले आहेत, ते तुमच्या खात्यातून बाहेर काढू. त्या देशाच्या फौजदारी कायद्यात फसवणुकीचे कलम आहे ४१९ वे. म्हणून तिकडे या धंद्याला ‘फोर-वन-नाइन’ म्हणतात. आपल्याकडे १८६० च्या दंडविधानात फसवणुकीचे कलम ४२० होते, त्यावरून ‘चारशेवीस’ हा शब्द घरोघर गेला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, कलमाचा आकडा ३१८ झाला; पण बोलण्यातला चारशेवीस काही निवृत्त झाला नाही! मात्र हे एका देशाचे पाप समजू नये. अशी पत्रे आता सर्व देशांतून निघतात, आपल्या देशातूनही निघतात.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. टपालाला तिकीट लागत होते. ई-मेलला तेही लागेना. एका दमात लाख पत्रे धाडता येऊ लागली. तेव्हा लबाडाने धंदेवार पत्रे लिहायला घेतली. भाषांतरकाराला सोन्याच्या पेटीची गोष्ट कशाला सांगायची? त्याला सांगायचे, ‘काम आहे.’

ही युक्ती कशी चालते पाहा. पत्र येते, की एका परिषदेसाठी लेखाचे भाषांतर हवे. समजा, मोबदला ठरला ५०० डॉलर. चेक येतो २,५०० चा. पाठोपाठ दिलगिरी : हिशेबात चूक झाली, जास्तीचे पैसे अमक्याला तातडीने पाठवा. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याप्रमाणे चेकची रक्कम बँकेला थोड्याच दिवसांत ग्राहकाला वापरू द्यावी लागते. चेक खोटा आहे हे कळायला मात्र कधीकधी आठवडे जातात. तेवढ्यात बिचारा भाषांतरकार स्वतःच्या गाठीचे २,००० डॉलर पाठवून मोकळा होतो. मग चेक परत येतो आणि बँक सगळी रक्कम त्याच्याकडून वसूल करते. भाषांतर तर फुकटच गेले.

आपल्याकडे चेकऐवजी दुसरे सोंग असते. आधी नोंदणीची फी, मग अनामत, मग ओळखपत्राचे पैसे. कुठे काम खरोखर देतात आणि नंतर कळवितात, की तुमच्या चुका फार, करार मोडला, दंड भरा. सोबत वकिलाच्या नावाची नोटीस. खेड्यातला मुलगा कोर्टाच्या नावाने घाबरतो आणि पैसे भरतो.

तिसरा प्रकार चोरीचा. तुमचा परिचयपत्रक मागवून घेतात. नाव तुमचे, पदव्या तुमच्या, फक्त ई-मेलचा पत्ता बदलून ते दुसरीकडे काम मिळवितात. यंत्राकडून कसेबसे भाषांतर करून देतात आणि बदनामी तुमच्या वाट्याला येते. पैसा पुन्हा मिळविता येईल हो; पण या धंद्यात नाव हेच भांडवल.

तर मग ओळखावे कसे? चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट पत्त्याची. पत्रात नाव मोठ्या कंपनीचे, पण पत्ता कोणालाही फुकट मिळतो तसला. किंवा नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे. पत्रातला फोन लावू नये. कंपनीचा पत्ता आपण स्वतंत्रपणे शोधून तेथे विचारावे.

दुसरी गोष्ट कामाची. खरा गिऱ्हाईक विचारतो : कोणत्या भाषेतून, किती शब्द, दर काय, केव्हा द्याल? लबाड यातले काही विचारीत नाही. कोणताही दर त्याला कबूल. पाठविलेल्या मजकुरातले एखादे वाक्य इंटरनेटवर शोधून पाहावे. पुष्कळदा तो कोठून तरी उचललेला निघतो.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती सर्वांत मोठी. पैसा काम देणाऱ्याकडून करणाऱ्याकडे येतो. तो उलटा वाहू लागला, की समजावे, पाणी गढूळ आहे. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही नाही.

चौथी गोष्ट घाईची. ‘आजच कळवा, आधार पाठवा, ओटीपी सांगा’ असे कोणी म्हणाले, की तेथेच थांबावे. परिचयपत्रकात जन्मतारीख, घरचा पत्ता, प्रमाणपत्रांच्या प्रती घालू नयेत.

एक जुनी खूण मात्र आता सोडून द्या. पूर्वी म्हणत, अशुद्ध भाषा हीच लबाडाची ओळख. आता यंत्रे सफाईदार पत्र लिहून देतात. शुद्ध लिहिणारा शुद्ध मनाचा असतोच असे नाही.

इतके करूनही कोणी फसला, तर त्याला हसू नका. लाजेने तो गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्यावर पुढची पेरणी होते. पैसे गेल्याबरोबर १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवावे, पत्रे पुसून न टाकता जपून ठेवावीत. जितका उशीर, तितका पैसा हाताबाहेर.

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. विदोकच्या काळचे पत्र आणि आजचे खोटे पत्र, दोहोंचा मजकूर फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. मुलांना विचारा, यांत सारखे काय आहे? मुले बरोबर सांगतील : मोठी आशा, छोटी मागणी, गुपित आणि घाई. एवढे ज्याने ओळखले, त्याला पुढच्या काळात हे पत्र कोणत्याही वेषात आले तरी ते वाचता येईल.