मुंबईचा उजेड आणि मावळांतील घरें

महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत मावळ म्हटलें कीं शिवकाल डोळ्यांपुढें उभा राहतो. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ, पौड मावळ हीं नांवें पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचीं झालेलीं असतात, आणि मावळा म्हणजे ढाल-तरवार घेतलेला गडी अशी एक मूर्ति मनांत पक्की बसलेली असते. त्याच मावळ्यांच्या वंशजांनीं विसाव्या शतकांत दुसरी एक लढाई दिली. ती गडासाठीं नव्हती. राहत्या घरासाठीं व भाताच्या खाचरासाठीं होती. इतिहासाच्या पुस्तकांत तिला एखाद्या परिच्छेदापलीकडे जागा मिळत नाहीं, आणि तोही परिच्छेद बहुधा धरणापाशीं सुरू होऊन धरणापाशींच संपतो. वस्तुतः या हकीगतीचें मूळ मुंबईच्या चाळींत आहे, आणि ती तेथूनच सांगितली पाहिजे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. त्यानंतर दोन वर्षांनीं, १८९८ सालीं, सरकारनें खास कायदा करून सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला. दाटींत रोग फोफावतो, तेव्हां दाटी मोडली कीं रोग हटेल, असा ट्रस्टचा सरळ हिशेब होता. नागपाडा ही त्याची पहिली योजना. पुढें प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मोहमदअली रोड असे रुंद रस्ते दाट वस्त्या फोडून काढण्यांत आले. शहरास वारा मिळाला हें खरें, आणि त्याचें श्रेय ट्रस्टला नाकारण्याचें कारण नाहीं.

पण रस्ता रुंद झाला म्हणजे त्या जागीं राहणारें कुटुंब कोठें गेलें? घराचा मालक मोबदला घेऊन मोकळा झाला. भाडेकरू, म्हणजे गिरणींतला साचेवाला, गोदीवरचा हमाल, हातगाडी ओढणारा गडी, यांस कामाच्या जवळच राहणें भाग होतें. तो बोचकें उचलून पलीकडच्या गल्लींत शिरला, आणि जेथें एका खोलींत एक बिऱ्हाड होतें तेथें दोन झालीं. ट्रस्टनें आग्रीपाड्यासारख्या ठिकाणीं चाळी बांधल्या, नाहीं असें नाहीं. परंतु पाडलेल्या खोल्यांची संख्या बांधलेल्या खोल्यांच्या पुढेंच राहिली, आणि नव्या चाळींत राहावयास आला तो बहुधा दुसराच कोणी असे. ज्याची खोली पडली होती त्याला नवें भाडें झेपण्यासारखें नव्हतें. दाटी मोडण्यासाठीं निघालेल्या संस्थेनें दाटी एका गल्लींतून दुसऱ्या गल्लींत नेली.

मालकास पैसे आणि राहणाऱ्यास रस्ता, असा हा प्रकार होता. त्यामागें कोणाचा दुष्टपणा होता असें मानण्याची गरज नाहीं. कायद्याची रचनाच तशी होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें जमिनीचा बाजारभाव आणि त्यावर शेंकडा १५ जादा द्यावे असें ठरविलें होतें. मोबदल्यावर हक्क सांगणाऱ्या कोणाही हितसंबंधी इसमाला दाद मागण्याची मुभा होती, म्हणजे कागदावर कायदा कोत्या मनाचा नव्हता. मात्र हक्क सांगावयाचा तो कागदानेंच. महिन्याच्या भाड्यानें खोलींत राहणाऱ्यापाशीं, किंवा वर्षाच्या बोलीवर खंडानें शेत करणाऱ्यापाशीं, दाखविण्यासारखा कागद कोणता असणार? हाच कायदा पुढें मावळांत गेला.

मुंबईच्या गिरण्या तेव्हां कोळशावर चालत. कोळसा दूर बंगालहून येई, महाग पडे, आणि त्याच्या धुरानें परळ-लालबागचें आकाश काळवंडलेलें असे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवून तें पाणी कोंकणाच्या बाजूस सोडलें तर वीज निर्माण होईल, ही कल्पना मुंबईंतील डेव्हिड गॉस्टलिंग यांनीं मांडली व जमशेटजी टाटा यांनीं ती उचलून धरली. जमशेटजी १९०४ सालीं वारले; कंपनीची स्थापना १९१० सालीं झाली, आणि ८ फेब्रुवारी १९११ रोजीं गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्तें लोणावळ्यास धरणाची कोनशिला बसली.

लोणावळें अशा कामांस नवखें नव्हतें. बोरघाटांतील लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळांत याच डोंगरांतून खोदला गेला, आणि कामाच्या ऐन भरांत तेथें बेचाळीस हजारांपर्यंत मजूर राबत होते. त्यांच्या झोपड्यांत पटकीची सांथ शिरली. किती मेले याची मोजदाद नीट झाली नाहीं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं वारला व त्याच्या पत्नीनें पुढें काम तडीस नेलें, हें मात्र पुस्तकांतून आवर्जून सांगितलें जातें. काम संपलें तशा झोपड्या उठल्या.

लोणावळें, वळवण आणि शिरवटा अशीं तीन तळीं टाटांनीं बांधलीं. पाऊस पूर्वेच्या उतारावर पडून इंद्रायणीवाटे भीमेस व शेवटीं पूर्वसमुद्रास मिळावयाचा. तें पाणी आतां कडा ओलांडून पश्चिमेस वळविण्यांत आलें. १७०० फुटांहून अधिक उंचीवरून तें नळांतून खोपोलीस कोसळूं लागलें आणि ११ फेब्रुवारी १९१५ रोजीं गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनीं मुंबईची वीज सुरू केली. अभियांत्रिकीच्या दृष्टीनें हें काम खरोखरच थोर होतें. लागलीच आंदर मावळांत ठोकळवाडीचें धरण हातीं घेण्यांत आलें. त्याची वीज १९२२ पासून भिवपुरीस होऊं लागली. या दोन्ही वेळीं तळ्याखालीं जमिनी गेल्या. पण फारसा बोभाटा झाला नाहीं.

बोभाटा झाला तो मुळशीस. मुळशी पेटा म्हणजे जुना पौड मावळ. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ तिसरें व सर्वांत मोठें धरण बांधण्यासाठीं १९१९ सालीं टाटांनीं वेगळी कंपनी काढली. पाण्याखालीं जावयाचीं गांवें सुमारें ५०, माणसें दहा-अकरा हजार. खोरें आंबेमोहर तांदळाचें. भाताचें खाचर म्हणजे नुसता जमिनीचा तुकडा नव्हे, हें शहरांतील वाचकांस मुद्दाम सांगितलें पाहिजे. डोंगरउतारावर दगडांचे बांध रचून, पावसानें वाहून आलेली माती अडवून, तें पिढ्यानुपिढ्या तयार करावें लागतें. त्याचा बाजारभाव काढतां येतो. तसें दुसरें खाचर बाजारांत मिळत नाहीं.

रीतसर संपादन होण्यापूर्वींच कंपनीच्या माणसांनीं शेतांत चांचणीचे चर खणण्यास आरंभ केला. त्यांस हटकणारा शेतकरी जमिनीचा मालक नव्हता, कूळ होता, असें या लढ्याच्या हकीगतींत नमूद आहे. ही गोष्ट किरकोळ दिसते, पण पुढच्या साऱ्या घडामोडींचें बीज तींत आहे. खोऱ्यांतील बऱ्याच जमिनी कर्जापायीं पुण्याच्या सावकारांच्या नांवें चढलेल्या होत्या. कसणारा आणि राहणारा मावळा, सातबाऱ्यावर मालक भलताच.

१६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळे बायकामुलांसह धरणाच्या जागीं जाऊन बसले आणि काम बंद पडलें. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव अशी मंडळी पुण्याहून त्यांच्या पाठीशीं उभी राहिली. 'जान किंवा जमीन' ही घोषणा त्यांचीच, आणि बापटांस सेनापति ही पदवी याच लढ्यानें मिळाली. महात्मा गांधींनीं 'यंग इंडिया'च्या एप्रिल १९२१ च्या अंकांत या प्रकरणावर लिहून, टाटांनीं कायद्याच्या हक्कावर अडून न बसतां लोकांशीं विचारविनिमय करावा, असें सुचविलें. कंपनीनें कांहीं महिने काम थांबविण्याचें मान्य केलें. वर्ष संपण्याच्या सुमारास तें पुनः सुरू झालें, आणि त्याबरोबर सत्याग्रहही.

पुण्याच्या सुशिक्षित घरांना या लढ्यानें मोठ्या कोड्यांत टाकलें. टाटांचा कारखाना म्हणजे स्वदेशी उद्योग. स्वदेशीचा पुरस्कार तर याच घरांतून झालेला. ज्या विजेनें परदेशी कोळशाची व यंत्रांची मिजास उतरेल, तिला विरोध करावयाचा तो कसा? शिवाय कित्येक घरांचा मुळशीशीं संबंध सावकारीचा. सावकाराला जमीन हें भांडवल होतें, आणि भांडवलाचे रोख रुपये शेंकडा १५ वाढून मिळत असतील तर त्यांत रडण्यासारखें त्याला कांहीं दिसेना. हळूहळू लढ्यांत दोन तट पडले. एक म्हणे जमीन द्यावयाचीच नाहीं, दुसरा म्हणे मोबदला भरपूर घ्यावयाचा. दुसऱ्या तटांत मालक अधिक होते, आणि वाटाघाटींच्या बैठकींत बोलावणें जावयाचें तें मालकांनाच. मावळ्याची बाजू अशा रीतीनें आंतूनच पोखरली गेली. सरकारच्या तुरुंगांनीं जें पुरतेपणीं साधलें नसतें, तें सावकाराच्या पावतीनें साधलें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

१९२४ पर्यंत लढा चालला. बापटांनीं वारंवार तुरुंगवास भोगला. त्या वर्षाच्या ९ डिसेंबरला त्यांनीं कामावरची आगगाडी अडविली आणि त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. अहिंसेच्या मर्यादेबाहेर गेलेला हा मार्ग अनेक सहकाऱ्यांस मानवला नाहीं. तोपर्यंत खोरें हातचें गेलेंही होतें. १९२७ पासून मुळशीचें पाणी कोंकणांत भिरा येथें उतरून वीज देऊं लागलें. गांवकरी पांगले, कांहीं वर डोंगरकडेला सरकले, कांहींनीं रोजगारासाठीं शहरांचा रस्ता धरला. पुणें, सातारा, कुलाबा, रत्नागिरी या जिल्ह्यांतूनच मुंबईच्या गिरण्यांचा कामगार येत असे, आणि घाटावरून उतरलेल्या माणसाला ती नगरी 'घाटी' म्हणत असे.

अशा माणसाला मुंबईंत मिळणारी खोली कशी होती? योगायोग असा कीं, मुळशीचा सत्याग्रह चालू असतां मुंबईंत कामगारांसाठीं घरें बांधण्याचा प्रचंड खटाटोप चालला होता. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं १९२० सालीं डेव्हलपमेंट खातें काढून ५०,००० खोल्यांचा संकल्प सोडला. प्रत्यक्षांत नायगांव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी येथें २०७ चाळी उभ्या राहिल्या व खोल्या संकल्पाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच भरल्या. खोली १६० चौरस फुटांची. भाडें, अंतर आणि बांधणी यांमुळें पुष्कळ खोल्या प्रथम कित्येक वर्षें रिकाम्या पडल्या. १९३० च्या कायदेभंगाच्या वेळीं वरळीच्या कांहीं चाळी सरकारनें तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या, यावरून त्यांच्या बांधणीची कल्पना येईल. तरीही त्याच खोल्यांतून पुढें तीन-चार पिढ्या वाढल्या, आणि त्या पाडून उंच इमारती उठविण्याचें काम एकविसाव्या शतकांत निघालें, तेव्हां रहिवाशांचा पहिला प्रश्न जुनाच होता: भाडेकरूला नव्या इमारतींत घर मिळणार, हें लिहून कोण देणार? या खेपेस मात्र मूळ रहिवाशाला त्याच जागीं मालकीचें घर देण्याचें सरकारनें लेखी मान्य केलें. नागपाड्यापासूनच्या शंभराहून अधिक वर्षांत पडलेला हा फरक लहान नव्हे.

गिरण्यांचें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. १९८२ च्या संपानंतर त्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनीवर मनोरे चढले, आणि बेकार झालेल्या कामगारांसाठीं घरांची पहिली सोडत २०१२ सालीं, म्हणजे तीस वर्षांनीं निघाली. ज्या यंत्रांसाठीं मावळ बुडविला तीं यंत्रें भंगारांत गेलीं. पाणी मात्र खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथें अद्याप कोसळतेंच आहे.

मावळांतही पाण्याची मागणी थांबली नाहीं. पवन मावळांत स्वातंत्र्यानंतर सरकारनेंच धरण बांधलें. तें १९७२ च्या सुमारास पुरें झालें, आणि तेथून उठलेल्या कित्येक कुटुंबांचा पर्यायी जमिनीसाठीं चाललेला तगादा पुढच्या पिढीवर गेला. या धरणाचें पाणी बंद नळांतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें द्रुतगति मार्गावर शेतकरी जमले, तेव्हां पोलिसांच्या गोळीबारांत तिघांचा बळी गेला.

१८९४ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून रद्द झाला. त्याच्या जागीं आलेल्या २०१३ च्या कायद्यानें जमिनीवर पोट असलेलें कूळ, वाटेकरी व शेतमजूर, आणि शहरांत त्या जागीं तीन वर्षें राहत आलेलें कुटुंब, यांसही बाधितांत गणलें आहे. नागपाड्याचा भाडेकरू आणि मुळशीचें कूळ असे एकाच कलमांत प्रथमच शेजारीं बसले. तीन वर्षांचा पुरावा मात्र पूर्वींप्रमाणेंच कागदानें द्यावयाचा आहे, आणि कातकऱ्याच्या झोपडींत किंवा रस्त्याच्या कामावरील मजुराच्या पालांत तो कागद आजही सहसा नसतो.

पवनेच्या जलाशयांत वाघेश्वराचें जुनें दगडी देऊळ आहे. वर्षाचे बरेच महिने तें पाण्याखालीं असतें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे उघडें पडतें, आणि तेवढ्या दिवसांत लोक कोरड्या पडलेल्या तळावरून चालत जाऊन देवाचें दर्शन घेतात.