हायपरहोमोसिस्टीनेमिया

रक्तातील होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचे प्रमाण वाढलेले असणे, याला हायपरहोमोसिस्टीनेमिया म्हणतात. उपाशीपोटी ते साधारणतः ५ ते १५ मायक्रोमोल प्रति लिटर असते. वाढलेल्या प्रमाणाचा संबंध शिरा व धमन्यांमध्ये गुठळ्या होण्याशी आढळतो.

होमोसिस्टीन शरीरातच मिथिओनिनपासून तयार होते. त्याचे पुन्हा मिथिओनिन होण्यासाठी फोलेट व ब-१२, तर सिस्टीनकडे वळण्यासाठी ब-६ जीवनसत्त्व लागते. यांची कमतरता, मूत्रपिंडाचा विकार किंवा आनुवंशिक दोष असल्यास ते रक्तात साचते.

रक्त गोठण्यावरील परिणाम

वाढलेल्या होमोसिस्टीनमुळे रक्तवाहिनीच्या आतील अस्तराला इजा होते, तेथील नायट्रिक ऑक्साइड घटते, गोठण्याला आवर घालणाऱ्या प्रोटीन-सीचे कार्य मंदावते आणि फायब्रिनचे जाळे सहज विरघळत नाही, असे प्रयोगांत दिसते. मात्र यांतील अनेक प्रयोगांत वापरलेली मात्रा रुग्णांच्या रक्तात आढळणाऱ्या पातळीहून कितीतरी अधिक होती. होमोसिस्टिन्युरिया या दुर्मीळ आनुवंशिक विकारात पातळी बहुधा १०० च्या पुढे जाते व तरुण वयातच गुठळ्या होतात. अशा मुलांच्या धमन्या तपासून किल्मर मॅककली यांनी १९६९ मध्ये होमोसिस्टीन व धमनीविकार यांचा संबंध मांडला.

महाराष्ट्रातील स्थिती

चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ पुरुषांच्या पाहणीत (२००६) ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी आणि ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन १५ हून अधिक नोंदवले. शहरी मध्यमवर्गात ब-१२ च्या कमतरतेचे प्रमाण ८१ टक्के होते. फोलेटची कमतरता मात्र थोड्यांतच होती. याचे कारण आहारात दिसते. सोलापूरकडची ज्वारीची भाकरी, डाळ व शेंगाचटणी यांतून फोलेट मिळते, ब-१२ मिळत नाही. शाकाहारी व्यक्तीला त्यासाठी दूधदुभत्यावरच अवलंबून राहावे लागते.

निदान व उपचार

नमुना तसाच राहिल्यास तांबड्या पेशींतून होमोसिस्टीन बाहेर येत राहते व आकडा खोटा वाढतो. म्हणून रक्त बर्फात ठेवून रक्तद्रव लवकर वेगळा करतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही दक्षता अधिकच महत्त्वाची.

जीवनसत्त्वांनी पातळी उतरते. परंतु ‘नॉर्व्हिट’ व ‘होप-२’ (दोन्ही २००६) या चाचण्यांत त्यामुळे हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. ‘होप-२’मध्ये पक्षाघाताचे प्रमाण काहीसे घटले. होमोसिस्टिन्युरियात मात्र उपचारांनी गुठळ्यांचा धोका स्पष्टपणे कमी होतो. ब-१२ ची कमतरता गुठळ्यांचा विचार बाजूला ठेवूनही भरून काढावी लागते, कारण तिने पांडुरोग होतो व मज्जातंतूंना कायमची इजा पोहोचू शकते.