जबड्यातून कानात

हातोडी, ऐरण आणि रिकीब. कानाचा धडा शिकवताना या तीन हाडांची नावे आपण फळ्यावर लिहितो, आकृती काढतो आणि पुढे जातो. ही हाडे तेथे आली कोठून, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्यांपैकी पहिल्या दोन हाडांचे मूळ कानात नाही, जबड्यात आहे. आणि ही गोष्ट पक्की व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

प्रथम जबडा पाहू. शेळीच्या किंवा कुत्र्याच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला एकच हाड असते. दात त्याच्यातच रुतलेले असतात, म्हणून त्याला दंतास्थी म्हणू. सरडा किंवा मगर यांच्या जबड्यात मात्र दंतास्थीच्या मागे आणखी अनेक हाडे असतात. त्यांतले शेवटचे आर्टिक्युलर. ते कवटीच्या क्वाड्रेट या हाडाशी सांधलेले असते आणि या सांध्यावर सरड्याचे तोंड उघडते-मिटते. आपला सांधा या दोहोंचा नाही. आपली दंतास्थी सरळ कवटीच्या कानशिलाच्या हाडाला जोडलेली आहे. कानाच्या भोकाच्या जरा पुढे बोट ठेवून तोंड उघडले की तो सांधा सरकताना हाताला लागतो. वर्गात हे सर्वांकडून करून घ्यावे. जबडा आणि कान किती शेजारी आहेत ते न सांगता कळते.

मग आपल्यातील आर्टिक्युलर आणि क्वाड्रेट गेली कोठे? १८२० साली योहान मेकेल या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने भ्रूणाच्या खालच्या जबड्यातील कूर्चेच्या एका दांडीचे वर्णन केले. १८३७ साली कार्ल रायकर्टने डुकराच्या भ्रूणांमध्ये या दांडीचा माग काढला. दांडीचे पुढचे टोक जबड्यात राहते, मागच्या टोकाची मात्र हातोडी बनते आणि तिला लागून ऐरण तयार होते. सरड्यात नेमक्या त्याच जागी आर्टिक्युलर आणि क्वाड्रेट असतात. रिकिबीचा उगम वेगळा, तिच्या मागच्या कमानीतला. डार्विनचा ग्रंथ निघायला तेव्हा अजून बावीस वर्षे होती, हे लक्षात घेतले म्हणजे रायकर्टच्या निरीक्षणाची किंमत कळते.

डार्विननंतर या तुलनेला वंशावळीचा अर्थ आला आणि अडचणही तेथेच उभी राहिली. जुना सांधा सोडून नवा घ्यायचा, तर मधल्या काळात प्राण्याने खायचे कसे? अर्धवट जबड्याचा प्राणी उपाशी मरेल. उत्क्रांतीच्या विरोधकांचा हा आवडता आक्षेप होता, आणि आमच्या मते तो मुळीच पोरकट नव्हता. एर्न्स्ट गाउपने १९१३ साली भ्रूणशास्त्राचा सारा पुरावा एका मोठ्या ग्रंथात मांडला. पण भ्रूण म्हणजे पूर्वज नव्हे. पूर्वजाचा जबडाच दाखवायला हवा होता.

तो दक्षिण आफ्रिकेच्या खडकांत मिळाला. १९५८ साली क्रॉम्प्टन यांनी डायअर्थ्रोग्नॅथस या जीवाश्माचे वर्णन केले. या नावाचा अर्थच ‘दोन सांध्यांचा जबडा’. जुन्या सांध्याशेजारी दंतास्थीही कवटीला टेकलेली होती. वेल्समधील चुनखडीच्या भेगांत सापडलेल्या मॉर्गॅन्युकोडॉनमध्ये तर हे अधिक स्पष्ट आहे. चिचुंद्रीहूनही लहान अशा या सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याच्या जबड्याचे सविस्तर वर्णन केरमॅक आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केले. त्यात नवा सांधा चांगला भक्कम आहे आणि त्याच्या आतल्या अंगाला जुना, बारीक झालेला सांधाही शाबूत आहे. म्हणजे उपाशी राहण्याची वेळ कोणावर आलीच नव्हती. नवा पूल बांधून होईपर्यंत जुन्यावरून वाहतूक चालू ठेवतात, तसा हा प्रकार.

पण जबड्याचे हाड ऐकण्याच्या कामाला लागलेच कसे? चावण्याचे स्नायू दंतास्थीवर एकवटत गेले, ती वाढत गेली आणि मागच्या हाडांवरचा भार कमी झाला. भार कमी, म्हणून हाडे लहान व हलकी झाली. आणि हलके हाड बारीक कंपनांनीही हलते. शिवाय क्वाड्रेट पूर्वीपासूनच रिकिबीला टेकलेले होते. सापाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. त्याला कानाचा पडदा नाही, पण जमिनीची कंपने खालच्या जबड्यातून क्वाड्रेटकडे आणि तेथून रिकिबीच्या जागी असलेल्या हाडाकडे पोचतात. जबड्याने ऐकणे हे दिसते तितके विचित्र नाही. (पुंगी आणि साप हा विषय निराळा, तो येथे नको.) आज आपल्या कानात ही हाडे पडद्यावरचा दाब सुमारे वीस पट वाढवून आतल्या द्रवापर्यंत पोचवतात.

मधल्या पायऱ्या अजून सापडत आहेत. चीनमधील यानोकोनोडॉन या जीवाश्मात कानाची हाडे जबड्यापासून बाजूला सरकली आहेत, तरी मेकेलच्याच दांडीने, हाड बनून गेलेल्या, ती जबड्याला बांधलेली आहेत. हे २००७ साली प्रसिद्ध झाले. कांगारूसारख्या शिशुधान प्राण्यांचे पिल्लू जन्मते तेव्हा तर ही हाडे जबड्यालाच जोडलेली असतात. सुटी होतात ती नंतर.

२०२४ साली ब्राझीलमधील जीवाश्मांनी आणखी एक गाठ घातली. सस्तन प्राण्यांना जवळच्या असलेल्या ब्रासिलोडॉनमध्ये नवा सांधा नाही. त्या मानाने दूरच्या रिओग्रँडियात मात्र तो आहे. तेव्हा जबड्याचा हा बदल एकाच वंशात एकदाच घडला, असे आता म्हणता येत नाही.